सात पोती

गुडघ्याचं ऑपरेशन जळगावला झालं,
पण तो गेला होता चोपड्याच्याच मैदानावर,
वरच्या अंगाच्या खांबापासून दीड हातावर.
ती जागा मी अजूनही डोळे मिटून दाखवीन.
नऊ महिन्यांनी तिथं उभी राहिले
आणि पाय म्हणाला, तू हो पुढं, मी इथंच थांबतो.

भारंबे सर ‘तुला जमेल’ असं कधी म्हणाले नाहीत.
त्यांनी जिनिंगवरून टाकाऊ कापूस आणला,
युरियाच्या रिकाम्या पोत्यांत ठासला,
खांबापुढं सात पोती अंथरली
आणि म्हणाले, पड.
नुसती पड वं माय. खांबाकडं पाहूबी नको.

आठवडाभर मी पडत राहिले.
तोंडात सरकीचा वास, केसांत कापूस.
पोरी म्हणायच्या, हिची गादी झाली.
दर सोमवारी एक पोतं कमी असायचं,
त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.
सर वहीत झेपा मोजायचे:
एकतीस. चाळीस. मधेच एका दिवशी शून्य.
त्या दिवशी मी पायरीवर बसून होते.
तेही लिहिलं त्यांनी: ‘रडली. उद्या येईल.’

जुलेखा तडवीचाही हाच गुडघा, डावाच.
ती समजावत बसली नाही.
माझ्यादेखत उघड्या मुरमावर झेपावली,
उठली, ट्रॅकपँट झटकली
आणि पाणी प्यायला गेली.
रात्री तीच झेप मी पुन्हा पुन्हा पाहिली,
तिच्या जागी स्वतःला घालून.

छातीतल्या धडधडीचं काय, तेही तिलाच विचारलं.
ती म्हणाली,
‘तुमच्या केळीत रात्री लाईट आली
की मोटर आधी गुरगुरते ना?
पाणी नंतर येतं.
तू गुरगुर ऐकूनच खटका पाडतेस.’

धुळ्याच्या मैदानावर पोती नव्हती.
शेवटची पाटी मागं टाकली,
समोर खांब, खांबाआड वळणारी एक वेणी,
छातीत मोटर.

बोटं चार अंगुळं कमी पडली.
वेणी निसटली.
टाक्यांची जुनी रेघ सोलून निघाली,
प्रेक्षकांत कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं.

मी खांबाला वळसा घातला, खो दिला,
मोकळ्या झालेल्या पाटीत बसले.
बाहेर सरांनी वहीत काहीतरी टिपलं,
वाकून पाहावंसं वाटलं नाही.
तोंडातला मुरूम थुंकला,
नजर तिरपी करून खांबावर ठेवली
आणि पाठीवर पडणाऱ्या हाताची
वाट पाहू लागले.