दुसरं खुराडं

नाही, तो विकायचा नाही.
दुसरा कुठलाही घ्या. तो काळ्या छातीचा घ्या,
गेल्या नोव्हेंबरात हॅलिफॅक्सला लाल फीत मिळवलेला.
बघा कसा उभा आहे,
कुणीतरी फोटो काढणार असल्यासारखा.

पण तारेमागचा तो... हो, तोच,
छातीवर चहा सांडल्यासारखे शिंतोडे असलेला,
त्याला नाव नाही. वहीत नुसता आकडा, सत्तेचाळीस.
प्रदर्शनात नेला तर मिस्टर क्रॅब्ट्री
त्याच्या पिंजऱ्यापुढे थांबणारसुद्धा नाहीत.

नियमावली म्हणते, नराची छाती काळी, बिनडाग.
नियमावली म्हणते, मादीच्या पिसापिसावर
तीन रेघा, बारीक, एकसारख्या,
पिसाच्या कडेकडेने वळत गेलेल्या,
आणि जमीन मऊ तपकिरी, भिजल्या पाचोळ्याची.
नियमावली हे सांगत नाही
की दोन्ही एकाच बापाच्या पोटी येत नाहीत.
काळ्या छातीच्या लेकी
धुरकट निघतात, रेघा एकमेकींत घुसलेल्या.
हे ज्याचं त्यानं शिकायचं.
मला नऊ वर्षं लागली.

मी गिरणीत मागांची जुळणी करायचो.
तिथं काठ चुकला तर माग थांबवायचा, उसवायचं, पुन्हा भरायचं.
इथं उसवायला एक वर्ष लागतं.
अंडी. एकवीस दिवस.
मग ती लव, जी काहीच सांगत नाही,
मग पहिली पिसं, जी धडधडीत खोटं सांगतात,
आणि दुसरी येतात तेव्हा कुठं,
ऑक्टोबरात, खरं काय ते कळतं.
ज्यांचं खरं वाईट निघतं
ती रविवारी पातेल्यात जातात.
तोंड वाकडं करू नका,
तुम्हीही मघाशी दोन वाट्या खाल्लात.

एक सांगतो, बाहेर बोलू नका.
मला लाल आणि हिरवा नीट ओळखू येत नाही.
जन्मापासून. क्लबात कुणाला ठाऊक नाही.
रेघ माझी, रंग मर्टलचा,
असं आमचं बत्तीस वर्षं चाललं.
ती पीस घेऊन मागच्या दारात जायची,
उत्तरेच्या उजेडात धरायची,
आणि म्हणायची, "गंजलाय." किंवा, "बराय."
त्यापुढे एक अक्षर नाही.

आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशनची तारीख मार्चमधली मिळालीय,
अंडी त्याआधीच निवडावी लागतात.
म्हणून शेजारची फ्रेया येते, वय अकरा,
शाळेतून परतताना, दप्तर पाठीवर तसंच.
ती गंजलाय म्हणत नाही.
म्हणते, "हा टोस्ट. हा करपलेला टोस्ट.
हा आमच्या आजोबांचा कोट."
वहीत मी आता तसंच लिहितो.
गंमत म्हणजे, चुकत नाही पोरगी.

या आत. सत्तेचाळीसच्या दोन लेकी
शनिवारी न्यायच्यात.
सकाळीच न्हाऊ घातल्या, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर,
आता शेगडीपुढे सुस्तावल्यात माहेरवाशिणींसारख्या.
थांबा, पंख उघडून दाखवतो. बोट लावू नका.
मोजा.
एक, दोन, तीन.
खालचंही बघा, कुणी बघत नाही तिथलं.
तिथंही तीन.
मर्टल तिला नुसती उचलते,
हातात तोलते आणि मान हलवते.

तो? तो पाऊस आला की छपराखाली जात नाही.
वेडा आहे. मधोमध उभा राहतो.
भिजला की शिंतोडे मिटतात,
आणि तेवढा वेळ छाती काळीकुळकुळीत,
क्रॅब्ट्रींनी चष्मा लावून बघावी अशी.
मी खिडकीतून बघतो जरा वेळ.
मग बूट घालतो,
जाऊन त्याला आत घेतो,
आणि जुन्या टॉवेलनं पुसतो,
डाग पुन्हा दिसेपर्यंत.