प्रत

टोरलाइव सुका कॉड उचलतो, खिडकीच्या उजेडाकडे धरतो,
मानेपाशी नाक नेतो
आणि फेकतो : तिसऱ्या ढिगात, नाहीतर नवव्या.
चार सेकंद.
वीस ढीग, वीस प्रती,
एकोणचाळीस वर्षं हेच नाक.

यंदा त्याच्या डोक्यावर कॅमेरा आहे.
वायरीच्या दुसऱ्या टोकाला सुनिवा,
ट्रोम्सोहून आलेली, पायात लोकरीचे दोन-दोन मोजे,
मांडीवर लॅपटॉप.
बर्गेनच्या ऑफिसाने सांगितलंय : सप्टेंबरात म्हातारा निवृत्त होतोय,
त्याआधी त्याची प्रत काढ.
शब्दाची ही गंमत तिला कळणार नाही,
ती आपल्या भाषेतली आहे.

कॅमेऱ्याला नाक नसतं, म्हणून नाकही आलं,
काडेपेटीएवढं, वासाचे आकडे करणारं.

ती विचारते, हा सातव्यात का?
'एप्रिलात दंव लागलं ह्याला.'
कशावरून?
तो खांदे उडवतो.
ती तो रकाना रिकामा ठेवते.

एकाहत्तर टक्के. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव.
मग आकडा अडून बसला.
लोफोटेनमध्ये रात्र होत नव्हती, त्यामुळे
ती किती वाजेपर्यंत जागली ते तिलाही माहीत नाही.
चुका तारखेने लावून पाहिल्या, हवेने, गिऱ्हाइकाने,
आणि शेवटी, कंटाळून, होडीच्या नावाने.

सगळ्या नाही, पण निम्म्या चुका एकाच नावाखाली : हावलीस.
तिच्या माशाला नेहमी एक प्रत वरची.
दोन कधीच नाही.
जुन्या वह्या स्कॅन केल्या, तिथेही तेच,
चार वर्षं मागे, एका मार्चपर्यंत.
त्या मार्चात हावलीस धक्क्याला आली तेव्हा
इंजिन चालू होतं
आणि सुकाणूवर कुणी नव्हतं.

आता ती होडी गुनवोर चालवते, सोबत सतरा वर्षांचा मुलगा.

सुनिवाने हिशेब मांडला.
एका प्रतीचा फरक, वर्षाला अकरा हजार चारशे क्रोनर.
तेवढ्यात डिझेल येतं, सगळं नाही, मार्च संपेपर्यंतचं.
आणि भुर्दंड? दूर इटलीतल्या स्वयंपाकघरांत
ताटामागे काही पैसे.
मापात पाप असतं एवढंच ऐकून असतो आपण.
ह्या मापात जे होतं
त्याला तिच्या डॅशबोर्डवर रंग नव्हता.

कॉफी पिताना ती त्याच्याजवळ बसली.
काहीतरी विचारणार होती.
त्याने हावलीसचाच एक मासा उचलला, उजेडाकडे धरला,
जरा जास्त वेळ.
'चांगला आहे,' म्हणाला.
तिने वास घेऊन पाहिला.
माशाचा वास आला.

तिने अहवालात लिहिलं : उरलेले सहा टक्के, कारण अज्ञात.
आणि मॉडेल पुन्हा शिकायला बसवलं,
होडीच्या नावाचा रकाना काढून.

सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी,
सत्त्याण्णव.

ती घाबरली. नाव तर कुठेच नव्हतं!
मग एकेक फोटो उघडून, यंत्र कुठे बघतं ते बघत गेली :
ते शेपटीकडे बघत होतं.
जोडीजोडीने मासे टांगतात ना, शेपट्या बांधून,
त्या गाठीचा एखादा धागा चिकटून राहतो.
इतरांची सुतळी निळी.
गुनवोरची नारंगी, नवऱ्याने कधीतरी घाऊक घेऊन ठेवलेली.
यंत्राने नारंगी धागा पाहिला
आणि एक प्रत वर चढवली.
एकच.

पुस्तकात ह्याला गळती म्हणतात.
पुस्तकात लिहिलंय, बुजवावी.

बर्गेनहून निरोप आला : सत्त्याण्णव उत्तम, पाठवून द्या.
टोरलाइवला केक मिळाला, त्यावर माशाचं चित्र,
त्याने ते उजेडाकडे धरून पाहिलं, सगळे हसले.

सुनिवा तेवढ्यात सहकारी दुकानात गेली होती.
हावलीसवरचं रीळ संपत आलंय हे तिने धक्क्यावरून पाहिलं होतं,
आणि निळी सुतळी स्वस्त होती.
तिने नारंगी मागवली, बारा रिळं,
पत्ता गुनवोरचा,
आणि बिल टाकलं
उपकरणे, किरकोळ, ह्या खात्यात.