सांगण्यावरून

हॅलिफॅक्सला, स्टेशनपासून वर चढत गेलं की
बुटांना टाचा लावून देणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर
वकिलांचं ऑफिस आहे. तिथे मी पत्रं लिहिते.
पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं :
अ‍ॅज पर युवर इन्स्ट्रक्शन.
मिस ग्रीनवुडनी पेन्सिलीने 'अ‍ॅज पर'भोवती गोल काढला
आणि शेवटच्या शब्दाला एक एस जोडला,
एवढासा, गोगलगाईसारखा.

एस नसला तर ते शिकवणं, म्हणाल्या,
पोहण्याचं, मोटारीचं, देवाधर्माचं.
एस लागला की सूचना.
एकच सूचना असली तरी?
एकच असली तरी.

आणि 'अ‍ॅज पर' नको. ऑन लिही. ऑन युवर इन्स्ट्रक्शन्स.
मी घरी जाताना बसमध्ये ते घोळवत होते.
प्रमाणे नाही, वरून.
तुमच्या सांगण्यावरून.
वरून!
आमच्याकडे वरून म्हणजे नुसतं वरून.
"वरून आलंय," टेबलामागचा माणूस म्हणतो,
आणि तुमचा कागद ढिगात खाली जातो.

पुढच्या पत्रात मी वकिलांकडून पक्षकाराला इन्स्ट्रक्ट करवलं.
मिस ग्रीनवुड त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या,
चहा बशीत सांडेपर्यंत.
उलटं गं. सूचना ते देतात.
आपण सल्ला देतो. आपलं काम लिहून घ्यायचं.

माझा विश्वास बसला नाही
एडना सगडन येईपर्यंत.
वय एक्याण्णव. गिरणीत लोकरीच्या कापडातल्या
गाठी बोटांनी शोधण्यात हयात गेलेली.
दोन बस बदलून आली, टोपी मांडीवर ठेवली.
घर भाचीला.
घड्याळ भाचीला नाही.
घड्याळ शेजारच्या डेरेकला, किल्ली तोच देतो.
आमचे साहेब, तीस वर्षांची वकिली,
मान खाली घालून लिहीत होते.
एकदाच म्हणाले, भाचीला वाईट वाटेल कदाचित.
सांगितलं ना मी, एडना म्हणाली.
साहेबांनी पुढची ओळ घेतली.

मला बार्शीच्या कोर्टाबाहेरचा बाक आठवला.
बाबा नगरपालिकेच्या दवाखान्यात कंपाउंडर.
डॉक्टरांचं अक्षर गावात फक्त त्यांना लागायचं.
कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून
बाटलीवर खळीने चिकटवायचे :
एक खाच सकाळी, एक दुपारी, हलवून घ्या.
अख्ख्या गावाने त्यांचं ऐकलं.
पण पेन्शनच्या थकबाकीसाठी अकरा वर्षं त्या बाकाजवळ
उभे, छत्री काखेत,
वकील दिसले की एकच वाक्य :
साहेब म्हणतील तसं.

परवा रविवारी फोन केला.
म्हणाले, वकील म्हणतात मिटवून टाका. काय करू?
ऐका, मी सांगते तसं करा,
हे माझ्या अगदी ओठांवर होतं,
क्रियापदासकट, आज्ञार्थात.
गिळलं.
म्हटलं, तुम्ही सांगा. मी लिहून घेते.
मी काय सांगणार?
तुम्हाला काय हवंय ते.

बराच वेळ फोनमधून पंख्याची कुरकुर येत राहिली.
मला वाटलं लाईन गेली.
मग घसा साफ केला त्यांनी,
औषध देताना करायचे तसा :
लिही. मिटवायचं की नाही ते मागाहून बघू.
आधी पुढच्या तारखेला मला बसायला
खुर्ची हवी. पाठीची.

ती ओळ मी आधी मराठीत लिहिली, मग इंग्रजीत,
वर बाबांचं पूर्ण नाव, अटकेसकट, म्हणजे जोडाक्षर न चुकवता.
खाली : माझ्या पक्षकारांच्या सांगण्यावरून.
सूचना एकच होती.
तरी एस लावला.