आडवं वल्हं

सुरुंदीच्या नाल्यावर, जांबोटीच्या अलीकडे,
पुलाच्या खांबाचे दगड वरून मोजायचे.
तिसऱ्याला पाणी टेकलेलं असेल तर उतरायचं.
दुसरा बुडाला असेल तर चहा पिऊन घरी.
हे मोजमाप भरमाण्णा हलगेकरचं.
त्याचा डावा खांदा जरा खाली असतो.
का, म्हणून विचारलं तर म्हणतो,
दुसरा दगड.

आज तिसरा. गणपतीला अकरा दिवस.
माझी कयाक हिरवी, उसनी.
ईरण्णाची पिवळी,
बुडाला बादलीचं प्लास्टिक वितळवून लावलेलं ठिगळ.
भरमाण्णा काठाने चालतो, दोरीची पिशवी कमरेला.
पाण्यात उतरत नाही आता,
पण हातात वल्हं लागतंच.

पांढऱ्याला भिऊ नको, तो म्हणतो,
पांढरं ओरडून सांगतं, दगड हाय म्हणून.
गप्प पाणी बघ.
वेळूचं बेट कलंडलंय काठावरनं,
पाणी त्यातनं आरपार जातंय, माणूस जात न्हाई.
घरात गाळणी बघितलीस न्हवं?
तू चहापत्ती.

आणि उलटलास तर उभा राहू नको,
पाणी गुडघाभर असलं तरी.
फटीत पाय अडकतो, मग नाला पाठीवर बसतो.
पाय वर करून पड, गल्लीतल्या कट्ट्यावर पडतोस तसा.
दगडावर गेलास तर अंग चोरू नको,
दगडाकडेच झुक, मिठी मार.

हे शेवटचं मला तोंडपाठ आहे.
शरीराला चार पावसाळे झाले, अजून पटलेलं नाही.

पहिले दोन उतार सोपे.
काळी गुळगुळीत जीभ दिसते पाण्याची,
तिच्यावरून घसरायचं.
तिसऱ्या वळणावर ईरण्णा दिसेनासा झाला
आणि पलीकडून ओरडला: बलक्के! बलक्के!

त्याची भाषा मला बाजारापुरती येते.
किती, कमी करा, नको.
उजवं-डावं तिथं कधी लागलं नाही.
मला ऐकू आलं, बळ.
मी बळ लावलं.

वेळूने आधी वल्हं घेतलं, मग चष्मा.
छाती एका दांड्यावर आली,
कोपरं वर, हनुवटी वर, वर चढ वर चढ,
आणि कमरेखाली नाला ओढत होता
सावकाश,
ज्याला कुठेच जायचं नाही अशा माणसासारखा.
निळी दोरी एकदा डोक्यावरून गेली.
दुसऱ्यांदा, ओली होऊन, खांद्यावर पडली.
भरमाण्णा काही बोलला नाही. कुठल्याच भाषेत.

नंतर खडकावर बसून डब्यातला कुंदा खाल्ला, पाणी शिरलेला.
दात वाजत होते.
ईरण्णा म्हणाला, बल म्हणजे उजवं रे.
आमच्यात ताकद, मी म्हटलं.
हसू बऱ्याच उशिरा आलं, आणि मग थांबेना.

तिथेच ठरवलं.
वल्हं आडवं: थांब.
उभं: ये.
तिरकं: तिकडून.
तीन शब्दांची भाषा.
हिच्या पाट्या कोणी रंगवणार नाही, कोणी पुसणार नाही.

वल्हं खालच्या डोहात सापडलं. चष्मा नाही.

शेवटी बंधारा लागतो. कमरेएवढा, अगदी साधा.
वरून नुसती एक कडा, इस्त्री केल्यासारखी,
आणि खाली पाणी मागे वळून स्वतःतच फिरत राहतं.
एक रबरी चप्पल फिरत होती त्यात,
बुडायची, वर यायची, कडेपाशी जायची,
परत आत.
आम्ही तिला तीनदा येताना बघितलं.
भरमाण्णाने वल्हं आडवं केलं.

कयाक खांद्यावर घेऊन भाताच्या बांधाने निघालो.
बांध निसरडा, कयाकमधलं पाणी मानेवर गळतंय.
भातात एक बाई होती,
चष्म्याविना मला फक्त लाल रंग दिसला तिचा.
ती म्हणाली,
कशाला ओझं वाहूलालाय रे,
पाणी हाय की तिथं!

भरमाण्णाने माझ्या कयाकचं टोक
डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलं
आणि चालत राहिला.