दहापैकी किती

दहापैकी किती, वाशीच्या डॉक्टरीणबाई विचारतात.
तीस वर्षं कांदा-बटाट्यात गेली माझी.
गोणी पाठीला टेकली की सांगायचो,
बावन्न आहे शेठ, दोन किलो जास्त भरलेत.
पण दहा म्हणजे काय वजन?
मी म्हणतो, सहा.
सकाळचे सहा. संध्याकाळी विचारू नका.

टाके कधीच सुकले.
सोनोग्राफीत जाळी जिथल्या तिथं.
जाळी म्हटलं की मला लाल जाळीची गोणीच दिसते,
आत एकच कांदा
आणि रात्रपाळीला कुणीतरी तो सोलत बसलेलं.

पंख्यानं लुंगीचं टोक हललं
तरी चर्र होतं, इस्त्री लागल्यासारखं.
नस दुखावलीय म्हणतात.

लोकांना सांगतो, कंबर.
कंबरेला मान आहे, लोक सरकून जागा देतात,
कुणाच्या गावचं तेल असतं.
जांघ म्हटलं की टोळीतला सोपान हसतो.
त्याचा काय दोष, आधी मीच हसलो होतो.

फेब्रुवारीत नसेच्या कडेला सुई मारली.
तीन दिवस काही नाही.
इतकं काही नाही, की कोपरखैरण्याच्या तलावाला
दोन फेऱ्या मारल्या,
आणि घरात कुणी नाही बघून
पाण्याचा वीस लिटरचा जार उचलला.
उचलला फक्त. ठेवला.
चौथ्या दिवशी गडी परत कामावर हजर.

आता गोळी रात्री नऊला.
साडेनऊला जीभ जड, बातम्या लांबून येतात.
उठायचं ते कुशीवर वळून.
शिंक आली तर आधी तळहात तिथं, मग शिंक.
बाजारात काट्यापाशी चिठ्ठ्या लिहितो,
अर्धा तास बसून, अर्धा तास उभा.
पूर्ण जाईल असं म्हणत नाही, बाई म्हणाल्या,
कमी करत राहू.
हे मला पटलं. कुणी पूर्णाचं बोललं
की काट्यात खोट असते.

परवा लेंगा घातला तर नाडी गायब.
शालननं जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा शिवलेला,
मऊ, दुखऱ्या बाजूला सैल.
मी तिला कंबरच सांगितली होती.

रात्री म्हटलं, शालन, कंबर नाही गं ती.
माहितीय, म्हणाली. आज किती?
चार.
तिनं दिवा घालवला.
पाच, म्हणाली अंधारातून.