कात्री

फेब्रुवारीत नाम दिन्हच्या भिंतींना घाम फुटतो.
फरशी कितीही पुसा, ओलीच.
खोक्यांचे कोपरे मऊ पडतात, पावतीवर शाई पसरते.
अशा सकाळी ख्वेन येते,
स्कूटरवर पुढे तेपला उभा करून.
तेप म्हणजे झिंगा. घरातलं नाव.
चार वर्षांचा, नाकाखाली दोन चकचकीत रेघा.

"मागच्या वेळचंच द्या, ते लाल-पिवळं.
सातची पाळी आहे माझी.
खाडा झाला की महिन्याचा भत्ता जातो."

मी घसा बघते. लालसर, साधा.
पाठीला कान लावते. श्वास मोकळा.
याला गोळी नको, याला चार दिवस हवेत.
पण दिवस माझ्या दुकानात मिळत नाहीत,
आणि रस्त्यापलीकडे तुंगचं दुकान आहे,
नवी काच, हिरवा दिवा,
तिथे कुणी घसा बघत नाही.

कात्री पट्टीवरून चालते.
सहा कॅप्सूल. तेवढेच पैसे आहेत तिच्याकडे.
पट्टीचं नाव तिच्या तुकड्यावर जातं,
तारीख माझ्याकडे राहते.
"फोडून, अर्धी अर्धी, दह्यातून," मी म्हणते,
माझ्या आवाजात खोट नसते.

शनिवारी ती थांबून सांगते:
उतरला हो ताप! तुमच्या हाताला गुण आहे, बाई.
कावळा बसला, फांदी तुटली,
आणि मी कावळ्याचे पैसे घेतले.

माझा नातू लाम शिंकत आला होता, त्याच आठवड्यात.
त्याला मी काय दिलं?
इवली संत्री, सालीसकट, खडीसाखरेत वाफवून.
भाताची पेज. आईची मांडी.
सून म्हणाली, एखादी गोळी तरी?
मी म्हटलं, वेडी आहेस का तू?

हे इतक्या मोठ्याने म्हटलं
की लाम दचकला.

आज पुन्हा ख्वेन. पुन्हा तेप, पुन्हा त्या दोन रेघा.
"जरा वरचं द्या या वेळी.
ते आता लागू पडत नाही त्याला."

माझा हात वरच्या फळीवर गेला
आणि तिथेच राहिला.
घड्याळात सहा चाळीस.
"बस," मी म्हटलं, "दोन मिनिटं बस."
तिने स्कूटरची किल्ली मुठीतून सोडली नाही.
पलीकडे तुंगचं शटर वर जात होतं.
तेपने काउंटरवरची कात्री उचलली
आणि हवा कापू लागला.