पहिल्यापासून

भाचा विचारतो, मामा, कुठल्या भागापासून सुरू करू?
आणि मला तापलेली सोल्डर-गन खाली ठेवावी लागते.

'सातदारी'चे नऊ भाग आहेत, निहार.
शिवाय मधले अडीच, जे फक्त हातातल्या छोट्या यंत्रावर आले,
त्यातला एक जपानबाहेर पडलाच नाही,
आणि त्याच्याशिवाय सहाव्यात
घुबडराणी का रडते ते कळत नाही.

सात वेगळ्या खेळांतली माणसं एका चौकात येतात,
मूळ गोष्ट एवढीच.
मोटारींच्या शर्यतीतला आंधळा मेकॅनिक,
शेतीच्या खेळातली बदकं राखणारी पोर,
कुस्तीतला पैलवान, ज्याला बोलता येत नव्हतं
कारण त्याच्या खेळात कुणी त्याला वाक्यच लिहिलं नव्हतं.
पहिल्या भागात ते एकमेकांकडे नुसते बघत राहतात.
आणि तिस्कावरच्या पार्लरमध्ये, ताशी दहा रुपये मोजून,
मी आणि बोरीचा मिनिनो त्यांच्याकडे.

आता म्हणे सगळं पुसून नव्याने मांडायला हवं.
गाठी फार झाल्या.
बदकवाली तीनदा मेली, दोनदा स्वतःचीच आजी निघाली.
नवा माणूस आत शिरेल कुठून?
मिनिनोसुद्धा परवा फोनवर हेच, स्विंडनहून,
"पुरे मरे आता. पाटी कोरी कर.
कुणाच्या लक्षात राहतंय एवढं?"

त्याला बोलायचा हक्क आहे.
आजोबांच्या जन्माचा उतारा काढला त्याने पणजीच्या कचेरीतून,
मग बापाचा, मग स्वतःचा,
आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी
लिस्बनमध्ये त्याचा जन्म झाला.
तसा शिक्का आहे.
आडनावातलं एक अक्षर मागच्या भागात राहून गेलं.
आता तो गोदामात खोकी उचलतो, रात्रपाळीला,
आणि हवामानावर बोलायला शिकतोय.
नव्या भागातही तो मला ओळखतो.
एवढं तरी ठेवलं त्यांनी.

खरं तर आमच्या फोंड्यात हे कुणाला समजवायला नको.
इथले कितीतरी देव नदीपलीकडून आलेत,
रात्री, होडीतून, कुणाच्या तरी डोक्यावरून.
म्हार्दोळ हे नावसुद्धा वेर्ण्याहून सोबत आणलेलं.
तळी नवी, देऊळ नवं, सकाळची घंटा तीच.
याला नवी सुरुवात म्हणायची
की जुनाच खेळ, दुसऱ्या यंत्रावर?
आईला विचारलं तर म्हणाली,
देवाला कौल लावून हलवलं होतं.
तुमच्या त्या बदकवालीला कोण विचारणार?

खणात अजून ते मेमरी कार्ड आहे,
पट्टीवर मिनिनोच्या अक्षरात आमची दोघांची नावं,
दोनशे चौदा तास.
लावायला यंत्र नाही.
म्हणजे पुसलेलं नाही,
पण आहे असंही सिद्ध करता येत नाही.

निहार थांबला नाही.
सातवा भाग लावलाय त्याने, मधूनच,
मुखपृष्ठावर घुबड आवडलं म्हणून.
दहा मिनिटांनी विचारतो, हा पैलवान बोलत का नाही?
माझे हात एका उघड्या फोनमध्ये अडकलेत,
मी म्हणतो, मिनिनोमामाला विचार.

तिकडे साडेचार तास मागे, तो पाळीवरून आत्ता आलाय,
जांभई ऐकू येते, मग खुर्ची ओढल्याचा आवाज,
"ऐक. आधी त्याच्या स्वतःच्या खेळात काय झालेलं..."
आणि तो थांबतच नाही.
तिसऱ्या भागातला पूल, पुलाखालचं पत्र,
मलाही आठवत नसलेली बदकांची नावं.

काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलंय.
फोन चालू व्हायला हवा बस, म्हणतो,
सगळं पुसलं तरी चालेल.

मग थोड्या वेळाने, हळूच,
फोटो तेवढे राहतील ना?